मोरब्याचे पाणी आणि सानपाड्यातली काचपेटी

सानपाड्यातल्या एखाद्या सोसायटीत सकाळी नळ सोडला की बादलीत पडणारे पाणी थेट खालापूर तालुक्यातून आलेले असते. तिथे धावरी नदीवर नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे मोरबे धरण आहे. धरणातले पाणी भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. तिथे त्यातला गाळ बसवतात, वाळूच्या थरांतून ते गाळतात आणि पुढच्या जलवाहिन्यांत व इमारतींच्या टाक्यांत जंतू वाढू नयेत म्हणून त्यात क्लोरीन मिसळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. माणूस हे पाणी निर्धास्तपणे पितो. माशाला मात्र त्याच पाण्यातून श्वास घ्यायचा असतो. त्याच्या कल्ल्यांची त्वचा इतकी नाजूक असते की एवढेसे क्लोरीनही तिला भाजून काढते.

नवा फिशटँक बहुधा रविवारी घरात येतो. पेटी, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडे, उघडझाप करणारा शिंपला, निळा दिवा आणि पिशवीत डझनभर मासे, सगळे एकाच फेरीत. संध्याकाळपर्यंत नळाच्या पाण्याने पेटी भरते आणि रात्री मासे आत पोहत असतात. पहिले दोन-चार दिवस घर आनंदात असते. मग एक मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो, दुसरा कोपऱ्यात पडून राहतो, आणि पंधरवड्यात पेटी अर्धी रिकामी होते. ‘मासेच नाजूक होते’ किंवा ‘आमच्याकडे मासे टिकत नाहीत’ असे म्हणून पेटी माळ्यावर जाते. दुकानातून जे सामान आणले त्यातले बहुतेक डोळ्यांसाठी होते. पाण्यासाठी जवळजवळ काहीच नव्हते. मासे पाळणे म्हणजे प्रत्यक्षात पाणी पाळणे. म्हणून या प्रकरणात साधनांचा क्रम दुकानाच्या मांडणीप्रमाणे लावलेला नाही. पाण्याला जी वस्तू जास्त जपते तिच्यावर जास्त भर दिला आहे.

सुरुवात दोन बादल्यांपासून करावी. एक ताज्या पाण्याची, दुसरी पेटीतून काढलेल्या पाण्याची. दोन्हींवर मार्करने ‘मासे’ असे लिहून ठेवावे, म्हणजे त्यांत कुणी साबणाचे कपडे भिजवणार नाही. डिटर्जंटचा अंश बादलीच्या प्लास्टिकला चिकटून राहतो आणि कल्ल्यांना तो सोसत नाही. ताज्या पाण्याच्या बादलीत एअर पंपाची नळी सोडून पाणी चोवीस तास ठेवले की त्यातले साधे क्लोरीन उडून जाते. तेवढा वेळ नसेल तर अँटीक्लोरीन वापरावे. दुकानात या नावाने मिळणाऱ्या बाटलीत बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. फोटो स्टुडिओतल्या डार्करूममध्ये ‘हायपो’ म्हणून वापरला जाणारा पदार्थ तो हाच. क्लोरीनशी त्याची क्रिया काही क्षणांत होते. बाटलीवर लिहिलेली मात्रा पाण्याच्या लिटरनुसार असते, म्हणून आपल्या बादलीत किती लिटर मावते ते एकदा मोजून घ्यावे.

टँकर किंवा बोअरवेलचे पाणी येत असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. सानपाडा खाडीकाठचे गाव. पाम बीच मार्गापलीकडे कांदळवन आणि ठाणे खाडी आहे. अशा भागात जमिनीखालच्या पाण्यात क्षार जास्त असू शकतात. धरणात साठलेले पावसाचे पाणी त्या मानाने मृदू असते. आठवडाभर नळाचे पाणी आणि एखाद्या दिवशी टँकरचे, अशी सरमिसळ माशांना झेपत नाही. पाणी थोडे कमी बदलले तरी चालेल, पण ते एकाच जातीचे असावे.

आता पेटी. सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत वाईट प्रकार म्हणजे गोल काचेचा बाउल. त्यात पाणी थोडे, हवेला लागणारा पृष्ठभाग त्याहून थोडा आणि फिल्टर बसवायला जागाच नाही. रोम शहराने २००५ मध्ये मासे अशा गोल बाउलमध्ये ठेवण्यावर बंदी घातली. तो नियम प्राणिप्रेमातून आला असला तरी त्यामागे साधे रसायनशास्त्र आहे. पाणी जितके थोडे, तितकी त्यात घाण लवकर साचते आणि तितके ते लवकर तापते. सुरुवात करणाऱ्याने छोटी पेटी घ्यावी हा समज म्हणूनच उलटा आहे. मोठी पेटी चूक पोटात घालते, छोटी घालत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही पेटी सानपाड्यातल्या वन-बीएचकेच्या हॉलमध्ये बसते. तिचे घनफळ सुमारे ५६ लिटर होते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास राहते. या मापाला पाच मिलिमीटरची काच पुरते; तीन फुटांच्या पेटीला आठ आणि चार फुटांच्या पेटीला दहा मिलिमीटरची काच लावतात. जोड सिलिकॉनने केलेले असतात. घरी गळती बंद करायची असेल तर बुरशीनाशक मिसळलेले बाथरूमचे सिलिकॉन टाळून फिशटँकसाठीचेच घ्यावे आणि त्याला येणारा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नये.

वजनाकडे फारसे कुणी पाहत नाही. पाण्याचे एक लिटर म्हणजे एक किलो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच पेटीत ३४० लिटर पाणी मावते. काच, खडी आणि स्टँड धरून बोजा साडेचारशे किलोच्या घरात जातो, आणि तो सगळा जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर येतो. घरातल्या खोल्यांच्या जमिनीची आखणी करताना भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला असतो. म्हणजे मोठी पेटी खोलीच्या मधोमध ठेवणे धोक्याचे. ती भिंतीला लागून, तुळईवर येईल अशी ठेवावी, आणि जुनी इमारत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे. पेटीखाली थर्माकोलची शीट हवीच. स्टँडवरचा गव्हाएवढा खडा रिकाम्या पेटीला काही करत नाही. पाणी भरले की त्याच ठिकाणी काच तडकते.

अनेक घरांत पेटी येते ती वास्तू आणि फेंगशुईच्या सल्ल्याने: आठ सोनेरी मासे आणि एक काळा. श्रद्धेचा मान ठेवूनही सांगायला हवे की नऊ गोल्डफिश दोन फुटी पेटीत जगू शकत नाहीत. नीट वाढलेला गोल्डफिश वीतभर होतो, भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. संख्या नऊच हवी असेल तर नऊ गप्पी किंवा नऊ छोटे टेट्रा ठेवावेत. रंगाचा आग्रह त्यांतही पुरा होतो.

मुंबई परिसरातल्या कित्येकांनी पहिला फिशटँक पाहिला तो मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मोठी देणगी देणाऱ्या पारशी दानशूराचे नाव त्याला मिळाले. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले तेव्हा आतल्या पारदर्शक बोगद्यातून चालायला लोकांनी रांगा लावल्या. इमारतीच्या दुरवस्थेमुळे पुढे ते बंद करावे लागले. तिथे काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या मुलांना मासे दिसत. मागच्या बाजूला चालणारे पंप आणि गाळण्या दिसत नसत. कुठलेही मत्स्यालय चालते ते या मागच्या बाजूवर.

फिल्टर हे त्या मागच्या बाजूचे मुख्य यंत्र. तो पाणी ‘स्वच्छ’ करतो, म्हणजे त्यातला कचरा पकडतो, असे बहुतेकांना वाटते. ते त्याचे दुय्यम काम आहे. खरे काम डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिकच्या कड्यांवर, खडीच्या कणाकणावर सूक्ष्मजीवांचा एक बुळबुळीत थर वाढतो. त्यातले काही जीव अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे काही जीव नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि हे नायट्रेट मासे बऱ्याच प्रमाणात सोसू शकतात. पेटी ‘बसली’ असे अनुभवी पाळणारे म्हणतात तेव्हा त्यांना हा थर तयार झाला एवढेच म्हणायचे असते.

हा थर चार ते सहा आठवड्यांत तयार होतो. त्याला घाईने बनवण्याचा उपाय नाही, मदत करण्याचे मात्र दोन मार्ग आहेत. पहिला, ज्याच्याकडे वर्षभर नीट चाललेली पेटी आहे त्याच्याकडचा जुना स्पंज आणून नव्या पेटीत पिळायचा. काळपट गढूळ पाणी पडते. ते घाणेरडे दिसले तरी त्यात हेच जीव असतात. दुसरा, मासे न घालता पेटी चालू ठेवायची आणि मासळी बाजारातून आणलेल्या कोळंबीचा एक तुकडा जाळीच्या पिशवीत बांधून आत सोडायचा. तो कुजतो, अमोनिया तयार होतो आणि माशांचा बळी न जाता जीवाणूंना खाद्य मिळते. सानपाड्याच्या आसपास कोळंबी मिळणे अवघड नाही. घरात थोडा वास येईल, तेवढा सोसावा.

शास्त्रज्ञांनाही हा थर उलगडायला वेळ लागला. नायट्राइट खाणारा जीव म्हणजे नायट्रोबॅक्टर असे पुस्तके अनेक दशके सांगत होती. १९९८ साली टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या फिशटँकमध्ये डीएनएच्या आधारे शोध घेतला तेव्हा तिथे ते काम नायट्रोस्पायरा नावाचे जीव करताना आढळले. २०१५ मध्ये आणखी मोठा धक्का बसला. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि ज्या दोन ठिकाणच्या नमुन्यांतून तो हाती लागला त्यांतले एक होते मत्स्यपालनातले जैविक फिल्टर. शंभर वर्षे विज्ञानाला न सापडलेला जीव माशांच्या पाण्यात राहत होता.

बाजारात फिल्टरचे अनेक प्रकार मिळतात: पेटीच्या आत बसणारा, कडेला अडकवायचा, झाकणात बसणारा टॉप फिल्टर, कपाटात ठेवायचा कॅनिस्टर. दोन फुटी पेटीसाठी यांतला सर्वांत साधा प्रकार उत्तम ठरतो, तो म्हणजे स्पंज फिल्टर. काळ्या स्पंजचे एक नळकांडे, मधून वर जाणारी नळी आणि बाहेर ठेवलेला एअर पंप. पंपाची हवा नळीत खालून सुटते, बुडबुडे वर चढताना पाण्याला आपल्याबरोबर ओढतात, आणि त्यांनी सोडलेली जागा भरायला चहूबाजूंचे पाणी स्पंजमधून आत शिरते. पाण्याखाली फिरणारा एकही भाग नाही, बिघडण्यासारखे जवळजवळ काही नाही, गप्पीची पिल्ले आत ओढली जात नाहीत, आणि किंमत काहीशे रुपये. कॅनिस्टर फिल्टर मोठ्या पेटीला लागतो; दोन फुटी पेटीला तो विकत घेण्यापेक्षा दुसरा स्पंज घ्यावा.

फिल्टर धुण्याची पद्धत मात्र बहुतेक घरांत चुकते. कुणीतरी रविवारी स्पंज काढतो आणि सिंकमध्ये नळाखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळतो. नळातल्या क्लोरीनचे कामच मुळी जीवाणू मारण्याचे आहे, आणि ते इथेही आपले काम करते. महिनाभराची वसाहत दोन मिनिटांत जाते. पुढच्या आठवड्यात मासे मरतात आणि ‘आत्ताच तर फिल्टर धुतला होता’ असे नवल केले जाते. स्पंज पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत तीन-चारदा दाबावा आणि परत बसवावा. तो तपकिरीच दिसायला हवा.

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखे नितळ असूनही मासे मरू शकतात. म्हणून टेस्ट किट लागते. सुरुवातीला ती महाग वाटते, पण एका किटमध्ये बरेच महिने जातात. पट्ट्यांपेक्षा थेंबांची किट बरी. काचेच्या छोट्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, सांगितलेले थेंब टाकायचे, झाकण लावून हलवायचे आणि काही मिनिटे थांबून नळी पांढऱ्या कागदासमोर धरायची. अमोनियाच्या चाचणीत बहुतेक किटमध्ये पिवळा रंग राहिला तर शून्य, हिरवट छटा आली तर सावध. बसलेल्या पेटीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यच यायला हवेत. नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली राहिले तर बरे.

त्याच किटमधली पीएचची चाचणीही करून ठेवावी, कारण अमोनियाचे विष पीएचवर अवलंबून असते. २८ अंश तापमानाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.७ टक्के भाग घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की हाच भाग साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे सुमारे नऊपट. शोभेसाठी टाकलेले शंखशिंपले आणि संगमरवरी खडी पाण्याचा पीएच हळूहळू वर नेतात. किनाऱ्यावरून मुलांनी वेचून आणलेले शिंपले गोड्या पाण्याच्या पेटीत घालू नयेत ते याचसाठी.

आता हवा. एअर पंप पाण्यात ‘ऑक्सिजन सोडतो’ असे म्हणतात. खरे तर बुडबुडे पृष्ठभाग हलवतात आणि ऑक्सिजन त्या हलत्या पृष्ठभागातून विरघळतो. पाणी गरम झाले की ते कमी ऑक्सिजन धरते: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशांची आणि जीवाणूंची गरज वाढते. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी पंप बंद पडणे हे जानेवारीतल्या पहाटे बंद पडण्यापेक्षा फार गंभीर असते.

पंपाबरोबर एक छोटी वस्तू घ्यायलाच हवी: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. बोटाच्या पेराएवढी ही प्लास्टिकची डबी हवेच्या नळीत मधे बसते आणि हवा एकाच दिशेने जाऊ देते. पंप बहुधा पेटीच्या खाली, स्टँडच्या कप्प्यात ठेवलेला असतो. वीज गेली की नळीत हवेचा दाब उरत नाही, पाणी नळीतून उलटे खाली उतरते आणि थेट पंपात, तिथून एक्स्टेंशन बोर्डावर जाते. व्हॉल्व्ह ते अडवतो. बसवताना तोंडाने फुंकून दिशा तपासावी. उलटा बसवला तर बुडबुडेच येणार नाहीत.

पाणी आणि वीज इतक्या जवळ येतात की इथे काटकसर नको. प्रत्येक वायर प्लगकडे जाताना आधी प्लगच्या खाली झुकेल असा झोल ठेवावा. वायरवरून ओघळणारे थेंब त्या झोलाच्या तळाशी पडतात, सॉकेटात शिरत नाहीत. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी. आणि पेटीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढावेत. हीटर चालू असताना पाणी उपसले तर तो हवेत उघडा पडून तडकतो.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार अनेकांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास वीजयंत्रणेत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा वीजपुरवठा एकदम गेला. लोकल थांबल्या, घरून काम करणाऱ्यांचे संगणक बंद पडले. काही भागांत वीज परत यायला बरेच तास लागले. फिशटँकच्या दृष्टीने असा दिवस फार बोलका असतो. विरळ मासे असलेल्या, झाडे असलेल्या पेट्या तो सहज निभावतात. मासे दाटीवाटीने भरलेल्या पेट्यांत दोन-तीन तासांत सगळे पृष्ठभागाशी येऊन हापसू लागतात. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये आणखी एक धोका असतो: पाणी वाहायचे थांबले की आतले जीवाणू ऑक्सिजनअभावी मरू लागतात, आणि वीज आल्यावर ते सडके पाणी पुन्हा पेटीत ढकलले जाते. लांबलेल्या खंडानंतर कॅनिस्टर आधी उघडून धुवावा, मगच चालू करावा.

यावर साधन आहे आणि ते स्वस्त आहे. मासेमारीला जाणारे जिवंत आमिष जपण्यासाठी सेलवर चालणारा हवेचा पंप वापरतात; तोच किंवा यूएसबीवर चालणारा पंप मोबाइलच्या पॉवरबँकेला जोडता येतो. घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंप त्याच्या सॉकेटवर घ्यावा, त्याला लागणारी वीज अवघी काही वॉट असते. काहीच नसेल तर स्वच्छ मगाने पाणी काढून हातभर उंचीवरून पेटीत परत ओतत राहावे.

थर्मामीटर वीस-पंचवीस ग्रॅमची काचेची नळी असते आणि तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. हीटरचे तसे नाही. कोकणपट्टीच्या हवेत वर्षाचे बहुतेक महिने पेटीतले पाणी आपोआप २५ ते ३० अंशांत राहते. नवी मुंबईत जानेवारीतल्या काही रात्री पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा पाणी थंड होते आणि अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येणारा व्हाइट स्पॉट हा रोग डोके वर काढतो. लिटरमागे एक वॉट या हिशेबाने ५० वॉटचा छोटा हीटर तेवढ्या आठवड्यांसाठी पुरतो. पुणे, नाशिक किंवा नागपूरला मात्र तो हिवाळाभर लागेल. किनाऱ्यावर खरा प्रश्न एप्रिल-मेचा असतो. पाणी ३२ अंशांवर गेले तर झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. बाष्पीभवनाने ते एक-दोन अंश उतरते. बर्फाचे खडे टाकणे घातक, कारण अचानक बदल माशाला उष्णतेपेक्षा जास्त छळतो.

सायफनची नळी हे या सगळ्यांतले सर्वांत कमी देखणे आणि सर्वांत जास्त काम करणारे साधन. एका टोकाला रुंद पारदर्शक नळकांडे, दुसऱ्या टोकाला लांब लवचीक पाइप. नळी पाण्यात बुडवून भरायची, पाइपचे टोक अंगठ्याने दाबून खाली बादलीत आणायचे आणि अंगठा सोडायचा. तोंडाने ओढू नये. फिशटँकच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनमसारखे जीवाणू असू शकतात. हातावर जखम असेल तर तिच्यातूनही ते त्वचेत शिरतात, म्हणून तेव्हा हातमोजा घालावा. रुंद टोक खडीत खुपसले की खडी नळकांड्यात उसळते, तिच्यातून तपकिरी धूर निघावा तसा गाळ वर येतो आणि पाइपात निघून जातो. खडी मात्र जड असल्याने परत खाली बसते. एका जागी चार-पाच सेकंद, मग पुढची जागा. बादलीत काय साचले आहे ते एकदा निरखून पाहावे. वरून चकाचक दिसणाऱ्या पेटीच्या तळाशी इतका गाळ असतो यावर विश्वास बसत नाही.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढायचे. ४५ लिटरच्या पेटीला हे एका बादलीचे, अर्ध्या तासाचे काम आहे. काढलेले पाणी गच्चीतल्या किंवा ग्रिलमधल्या कुंड्यांना घालावे, त्यातले नायट्रेट म्हणजे झाडांचे खतच. पूर्ण पाणी काढून पेटी घासून धुण्याची जी रीत घरोघरी आहे ती सोडून द्यावी. तिच्यात जीवाणूही जातात आणि माशांनाही धक्का बसतो.

दिव्याबद्दल थोडक्यात. साधा पांढरा एलईडी आणि सॉकेटात लावायचा टायमर, दिवसाला सहा ते आठ तास. त्याहून जास्त उजेड शेवाळाला जातो, आणि पेटी पश्चिमेच्या खिडकीपाशी असेल तर टायमरही हतबल होतो. प्लास्टिकच्या झाडांऐवजी व्हॅलिस्नेरिया लावावी. तिला फारसे काही लागत नाही. लंडनमध्ये १८४९ साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश, तळ्यातल्या गोगलगायी आणि हीच वनस्पती एका काचपेटीत ठेवून मासे आणि झाडे एकमेकांना कसे सांभाळतात ते दाखवले होते. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने पुढे पाणवनस्पतींच्या पेटीला कलेचा दर्जा दिला. त्याच्या वाटेने जायचे तर कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि खास माती लागते. पहिल्या वर्षी त्यातले काही घेऊ नये. औषधांचा साठाही करू नये. निळ्या-पिवळ्या बाटल्यांतली बरीच औषधे फिल्टरमधल्या जीवाणूंना मारतात.

त्याऐवजी वीस लिटरची एक जुनी पेटी, नाहीतर मोठा प्लास्टिकचा टब, एक स्पंज आणि वेगळी जाळी ठेवावी. क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा वाशीच्या दुकानातून आणलेला नवा मासा आधी दोन-तीन आठवडे तिथे राहतो. रोग असेल तर तो तिथेच दिसतो आणि औषधही तिथेच देता येते. दुकानातल्या एका पेटीचे पाणी इतर अनेक पेट्यांतून फिरलेले असते, हे लक्षात घेतले की ही वीस लिटरची जागा चैन वाटत नाही. पिशवीतले पाणी कुठल्याही पेटीत ओतू नये. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवावी, आपले पाणी थोडे थोडे तिच्यात मिसळावे आणि मासा तेवढा जाळीने उचलावा.

एक वस्तू शिंप्याकडे असते पण फिशटँकच्या दुकानात नसते, ती म्हणजे मोजपट्टी. मासा घेताना तो किती मोठा होतो हे विचारावे आणि ते माप आपल्या पेटीवर लावून पाहावे. शेवाळ खातो म्हणून जवळजवळ प्रत्येक नव्या पेटीत एक सकर मासा येतो, बोटभर लांबीचा, काचेला चिकटलेला. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतला. पेटीत मावेनासा झाला की लोक त्याला तळ्यात, नदीत सोडून देतात आणि सुटका झाली असे मानतात. भीमेवरच्या उजनी जलाशयात आज हेच मासे मच्छीमारांच्या जाळ्यांत येतात. अंगावरच्या हाडासारख्या कवचामुळे आणि काट्यांमुळे जाळी फाटते, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि स्थानिक माशांच्या अन्नावर तो हात मारतो. सानपाड्यासमोरच्या ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे; २०१५ मध्ये ते जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खाडी, गावतळे, धारण तलाव यांतल्या कुठल्याही पाण्यात पेटीतला मासा सोडता कामा नये. नको झालेला मासा अनेक दुकानदार परत घेतात, काही त्याच्या बदल्यात खाद्यही देतात. पण आधी विचारणे सोपे: पूर्ण वाढलेला सकर दीड फुटांच्या आसपास जातो, आणि एक फूट रुंदीच्या पेटीत त्याला अंग वळवण्यापुरतीही जागा उरत नाही.